फिरायला तिघं

नरहरी टिपणीस बार्शीहून भुकूमला मुलाकडे राहायला आले तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. पोस्टात अडतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची सहा वर्षं पोस्टमास्तर. बायको गेल्यावर वर्षभर ते एकटेच राहिले. मग एका दुपारी गॅसवर दूध ठेवून झोपले, शेजाऱ्यांनी दार ठोठावून उठवलं, आणि त्यानंतर मुलानं, शैलेशनं, त्यांचं काही ऐकलं नाही.

सहाव्या मजल्याच्या गॅलरीतून खाली झाडांची एक वाकडी हिरवी रेघ दिसायची. सून सोनलला विचारलं तर ती म्हणाली, "नाला आहे, बाबा." एका सकाळी ते तो बघायला खाली उतरले. सोसायटीच्या मागच्या बाजूला, रस्त्याखालून पाणी जायला बांधलेली एक मोरी होती. तिच्या कठड्यावर त्यांच्याच वयाचा एक माणूस टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता.

"हा नाला कुठून येतो हो?" नरहरींनी विचारलं.

"नाला न्हाई, नदी हाय ती. राम नदी," तो माणूस म्हणाला. "पुना नाला म्हनलात तर मी तुमच्याशी बोलनार न्हाई."

तो भिवाजी माझिरे. सोसायटी उभी होती ती त्याच्या भाताच्या खाचरांवर. आता गावात त्याच्या सात खोल्या भाड्यानं दिलेल्या होत्या. घरात सगळं होतं, पण सकाळी करायला काही नव्हतं. "चौदा वर्सं झाली शेत जाऊन," तो म्हणाला, "पर पाच वाजता डोळं उघडत्यातच. उठून काय करू? हितं येऊन बसतो."

त्या दिवसापासून दोघं रोज फिरू लागले. पोस्टातल्या माणसाला कामाची यादी लागते. नरहरींनी ठरवलं की पायी जाता येईल तेवढ्या अंतरातली नदीकाठची प्रत्येक बाग बघायची, एकही सोडायची नाही. भिवाजीला ते आवडलं. पहिली बाग सोसायटीचीच होती. गवत कातरलेलं, फरशीची वाट आणि नदीकडच्या बाजूला इतकं उंच कुंपण की नदी दिसायचीच नाही. दुसरी गावची. तिथं झोपाळे, व्यायामाची निळी-पिवळी यंत्रं, आणि फाटकाशी गावाचं नाव मोठाल्या लाल अक्षरांत. तिसरी वरच्या अंगाला, काही हौशी लोकांनी लावलेली. करंज, जांभूळ, वाळुंज, प्रत्येक झाडाला नावाची पाटी. भिवाजी बागेची परीक्षा एकाच गोष्टीवरून करायचा. बाकावर बसून बघायचा आणि निकाल द्यायचा, "हितं बूड टेकत न्हाई." किंवा, "ह्यो बाक करनाऱ्याला म्हातारा बाप असनार." कधी त्याच्या स्कूटरवरून ते पौडला मुळेच्या काठी जायचे आणि पलीकडच्या डोंगराकडे बघत चहा प्यायचे.

तिसऱ्या बागेच्या पुढं पायवाट संपायची. एका सकाळी भिवाजी तिथं थांबला, मागं-पुढं पाहिलं आणि टणटणीच्या झुडपात शिरला. नरहरी धोतर सावरत मागून गेले. आत उंबराखाली नदी वळली होती आणि काळ्या पाण्याचा लहानसा डोह होता. एक खंड्या फांदीवर बसला होता.

"हितं मी पवाया शिकलो," भिवाजी म्हणाला. "बापानं ढकलून दिलं व्हतं. मास्तर, हितं म्या कुनाला आनलं न्हाई. घरच्यांना बी न्हाई."

त्या दिवशी जेवताना नरहरी एकटेच हसत होते, आणि सोनलनं दोनदा विचारलं, "काय झालं, बाबा?"

असं दीड वर्ष गेलं.

दिवाळीला शैलेश त्यांना घेऊन बार्शीला गेला. तिथलं घर विकायचं होतं. चार दिवस म्हणून गेलेले ते तिथं एकवीस दिवस अडकले. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सहा वाजताच नरहरी तयार झाले. भिवाजीसाठी आणलेल्या ज्वारीच्या पापड्यांची पिशवी घेऊन खाली उतरले.

मोरीवर दोन माणसं बसली होती.

दुसरा माणूस आडवा-तिडवा होता. मान नव्हतीच म्हटलं तरी चालेल. कान चुरगळून गाठोडं झालेले. "या मास्तर," भिवाजी उठला. "ह्यो गोरख. गोरख पैलवान! ताम्हिनीकडचा. त्या तिथल्या बिल्डिंगीत लेकीकडं आलाय, गुडघ्याच्या इलाजाला. आवो, मी इशीत असताना ह्याची कुस्ती बगितली व्हती जत्रंत. तीन गावची मानसं झाडावर चढली व्हती. ह्योच तो!"

गोरखनं हात पुढं केला. नरहरींचा हात त्यात नाहीसा झाला.

"बार्शीला सगळं नीट झालं का?" भिवाजी विचारेल असं नरहरींना वाटत होतं. भिवाजी म्हणाला, "चला, पैलवानाला उशीर नगं. ऊन चढलं का गुडघं धरत्यात."

पापड्यांची पिशवी त्यांनी तशीच हातात धरून सगळी फेरी केली आणि घरी परत आणली.

त्यानंतर रोज तिघं. वाट तीच, बागा त्याच, पण नरहरींना त्या ओळखू येईनाशा झाल्या. गावच्या बागेत गोरख दांडी धरून व्यायामाच्या यंत्रावर नुसता उभा राहिला तरी भिवाजी कौतुकानं बघायचा. बाकावर दोघं बसले की तिसऱ्याला जागा अपुरी पडायची. नरहरी कडेला अर्धे बसायचे, अर्धे स्वतःच्या पायांवर. आणि ते दोघं एकमेकांना अरे-तुरे करायचे. दुसऱ्याच दिवशी, "आरं पैलवाना," आणि, "काय रं भिवा." दीड वर्ष बरोबर फिरूनही नरहरी अजून 'तुमी मास्तर'च होते. आदरानं म्हणतो तो, असं त्यांनी मनाला समजावलं. पण आता आदर नको वाटत होता.

त्या दोघांची भाषाही एक होती. कुठल्याशा मामाचं, कुठल्याशा बैलाचं नाव निघालं की दोघं हसायचे. नरहरी हसण्यात सामील व्हायचे, जरा उशिरानं, आणि आपलं हसू आपल्यालाच खोटं ऐकू यायचं.

मग त्यांनी कुस्ती शिकायची ठरवली. रात्री जेवणानंतर मोबाईलवर कुस्त्या लावून बसायचे. डावांची नावं कागदावर लिहून पाठ केली. सोनल म्हणाली, "बाबा, हे कधीपासून?" त्यांनी मोबाईल उलटा ठेवला. चार दिवसांनी तिसऱ्या बागेत गोरख जुनी कुस्ती सांगत होता. समोरच्यानं त्याला खाली घातलं होतं, पाच मिनिटं वर बसून होता.

"मग तुम्ही खालून घिस्सा मारला असणार," नरहरी म्हणाले.

गोरख पोट धरून हसला. "आवो मास्तर, घिस्सा वरचा गडी मारतो! खालचा कसा मारंल?"

भिवाजी तर डोळे पुसत होता. "मास्तरांनी पैलवानाला पोस्टानं चीत केलं!"

वाईट काही नव्हतं त्यात. पण नरहरींचे कान तापले. घरी येऊन त्यांनी तो कागद फाडला. दिवसभर त्यांना तेच हसू ऐकू येत राहिलं, आणि तेही गोरखचं नाही, भिवाजीचं.

जानेवारीत थंडी वाढली. एका सकाळी भिवाजीला यायला उशीर झाला. मोरीवर नरहरी आणि गोरख दोघंच होते. बोलायला काही नव्हतं. गोरखच म्हणाला, "काल सांजच्याला लई झ्याक वाटलं मास्तर. भिवानं त्यो डोह दाखवला. उंबराखालचा. तुमी बगितलाय का?"

"कोणता डोह?" नरहरी म्हणाले. का म्हणाले ते त्यांचं त्यांना कळलं नाही.

"त्या पाट्या लावल्याल्या बागंच्या म्होरं. भिवा म्हनला, हितं मी कुनाला आनत न्हाई."

पुढं जे झालं ते नरहरींनी आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून शब्द निघाले आणि ते ऐकताना त्यांना वाटलं की दुसराच कोणी बोलतोय, शांतपणे, पोस्टाच्या खिडकीतून बोलल्यासारखा.

"गोरखराव, एक सांगू का? भिवाजींना डॉक्टरांनी फार बोलायला बंदी केलीय. छातीचं काहीतरी आहे. तुम्ही आलात की त्यांना बोलावं लागतं, कुस्तीचं निघालं की ते रंगतात आणि मग घरी जाऊन पडून राहतात. तुम्हाला सांगायचा त्यांना संकोच वाटतो. मला म्हणाले, पैलवानाला कसं सांगू."

गोरख त्यांच्याकडे बघत राहिला. "असं म्हनला भिवा?"

"हो."

गोरख हळूहळू कठड्याला धरून उठला. "बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला, आणि गुडघे ओढत आपल्या बिल्डिंगकडे गेला.

भिवाजी आला तेव्हा नरहरी एकटेच होते. "पैलवान कुटं?"

"आले नाहीत आज."

दुसऱ्या दिवशीही गोरख आला नाही, तिसऱ्याही नाही. नरहरींना हवं होतं ते सगळं मिळालं होतं. मोरी, वाट, बाकावरची पुरी जागा. ते भरभरून बोलू लागले. बार्शीचं घर, घेणाऱ्याचा तऱ्हेवाईकपणा, एकवीस दिवस काय खाल्लं. भिवाजी हं हं करायचा आणि मध्येच मान वळवून त्या बिल्डिंगच्या फाटकाकडे बघायचा.

"पैलवान रागावला का काय?" पाचव्या दिवशी तो म्हणाला. "म्या काय बोललो का मास्तर? घिश्श्यावरनं तुमाला हसलो तसं त्याला तर हसलो न्हाई?"

"लेकीकडे पाहुणे असतील," नरहरी म्हणाले.

"फोन बी उचलत न्हाई."

त्या दिवशी भिवाजी तिसऱ्या बागेपर्यंत आलाच नाही. गावच्या बागेत झोपाळ्याशेजारी बसून राहिला. नरहरी त्याच्याशेजारी ऐसपैस बसले होते. गोरख होता तेव्हा भिवाजी निदान हसत तरी होता, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो झटकून टाकला. न आलेल्या माणसाचाही त्यांना आता राग येत होता, कारण तो न येऊनसुद्धा तिथंच होता.

आठव्या दिवशी भिवाजी मोरीवर उभाच होता. बसला नव्हता.

"काल मी पैलवानाकडं गेलो व्हतो," तो म्हणाला.

नरहरी बसायला निघाले होते, ते उभेच राहिले.

"त्यानं मला बसाया खुर्ची दिली, पानी दिलं, आन तोंडावर बोट ठेवलं. म्हनला, बोलू नगं भिवा, तुला तरास व्हतो. मी म्हनलं, कसला तरास?" भिवाजीचा आवाज चढला नव्हता. "मास्तर, माजी छाती ठनठनीत हाय. म्या तुमाला असं सांगितलं व्हतं?"

"नाही."

"मग?"

सांगण्यासारखं बरंच होतं. पापड्या होत्या, बाक होता, डोह होता. नरहरींनी त्यातलं शेवटचंच सांगितलं. "तुम्ही त्यांना डोह दाखवलात. मला म्हणाला होतात, कुणाला आणत नाही."

भिवाजी त्यांच्याकडे इतका वेळ बघत राहिला की नरहरींना खाली बघावं लागलं.

"तुमी दिवाळीला गेलात," भिवाजी म्हणाला. "चार दिस म्हनून गेलात. मी रोज हितं येऊन बसलो. धा दिस, पंधरा दिस. एक फोन न्हाई केला तुमी. मला वाटलं, मास्तर गेलं गावाकडं, तितंच ऱ्हायलं. मोठ्या मानसाला आपली काय आटवन. तवा पैलवान आला. त्यानं इचारलं, येकटाच का बसलाय. कुनीतरी इचारलं बगा." त्यानं टोपी डोक्यावर ठेवली. "मला आता काय दिस फिरायचं न्हाई. तुमी बी नगं येऊ घरी."

तो गावाकडे निघून गेला. नरहरी तिथंच उभे राहिले. एकवीस दिवसांत त्यांना भिवाजीची आठवण रोज आली होती. फोन करावा हे एकदाही सुचलं नव्हतं. आपली कोणी वाट बघत असेल, असं त्यांना वाटलंच नव्हतं.

दोन दिवस ते खाली उतरले नाहीत. सोनलला म्हणाले, कंबर दुखतेय. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गोरखच्या लेकीच्या दारात उभे राहिले. गोरख पाय पसरून गुडघ्याला तेल चोळत होता. लेक कामाला गेली होती.

नरहरी बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "मी तुमच्याशी खोटं बोललो."

"ठावं हाय. भिवा सांगून गेला."

"भिवाजींची प्रकृती चांगली आहे."

"त्ये बी ठावं हाय." गोरख तेल चोळत राहिला. "कशापायी केलंत?"

"तुम्ही आल्यापासून ते माझ्याशी कमी बोलायला लागले. मला ते सोसलं नाही. मला इथं दुसरं कुणी नाही."

हे शेवटचं वाक्य बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं. गोरखनं हात थांबवला.

"मास्तर, आखाड्यात माझ्यावर लई मानसं जळली. पर समोर येऊन भिडली. तुमी मागनं पाय वढला. मी आठ दिस त्या खिडकीत बसून बगत व्हतो, भिवा मोरीवर आलाय का, का आज पडून हाय. नवस बोलायचं तेवडं ऱ्हायलं व्हतं." त्यानं बाटलीचं झाकण लावलं. "जावा आता. मला राग आलाय, त्यो जाईस्तवर वेळ लागंल."

नरहरी गेले. राग किती दिवस टिकेल ते त्यांना माहीत नव्हतं. पण दुसऱ्या सकाळी सवयीनं मोरीवर गेले, तेव्हा गोरख तिथं होता. भिवाजी नव्हता.

"चला," गोरख म्हणाला. "डॉक्टर म्हनला रोज चालायचं. येकटा पडलो तर उचलाया कुनीतरी पायजे."

"मी तुम्हाला कसा उचलणार?"

"उचलू नगा. मानसं तरी बोलवाल!"

दोघं चालले. पहिले दोन दिवस ते जवळजवळ मुकेच होते. गोरखला दर पन्नास पावलांवर बसावं लागे, आणि नरहरींना प्रत्येक बाक कुठं आहे ते माहीत होतं. कुठला उतार टाळायचा, कुठली फरशी हलते, तेही. तिसऱ्या बागेत गोरखनं झाडांच्या पाट्यांकडे बोट दाखवलं. "वाचून दाखवा. माझा चस्मा घरी ऱ्हायला." रोजच घरी राहत होता तो चष्मा. नरहरींनी काही विचारलं नाही. ते वाचत गेले, करंज, वाळुंज, नांदुर्की, आणि गोरख प्रत्येक झाडाचं त्याच्या डोंगरातलं नाव सांगत गेला.

पाचव्या दिवशी बाकावर टेकल्यावर गोरख म्हणाला, "मी तालमीत असताना आईची पत्रं येयाची. पोस्टमन वाचून दावायचा. लई चांगला मानूस. तुमी काय काय बगितलं असंल की पोस्टात."

नरहरींनी त्याच्याकडे पाहिलं. अडतीस वर्षांबद्दल इथं त्यांना कोणीच विचारलं नव्हतं. भिवाजीनंही नाही. खरं तर त्यांनीच कधी सांगितलं नव्हतं. ते भिवाजीचं ऐकत आले होते.

त्यांनी भागवत मारुतीची गोष्ट सांगितली. एकाच गल्लीत दोन भागवत मारुती होते, नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनावही तेच. मुलगा पसंत असल्याचं मुलीच्या बापाचं पत्र चुकून दुसऱ्याच भागवतकडे गेलं. त्यानं मुलगी बघितलीही नव्हती. पण पत्रात पसंत लिहिलंय म्हटल्यावर तो नवा सदरा घालून, चुलत्याला घेऊन, पेढ्यांसकट मुलीच्या दारात जाऊन उभा राहिला. तिथं पत्राची वाट बघून कंटाळलेला पहिला भागवत आधीच येऊन बसला होता. "मुलीच्या बापानं दोघांकडे पाहिलं," नरहरी म्हणाले, "आणि आत वळून म्हणाला, अगं ए, धाकटीलाही साडी नेसव."

गोरखचं हसू साऱ्या बागेत घुमलं. जांभळीवरच्या साळुंक्या उडाल्या. "धाकटीलाबी! आन झालं लगीन?"

"दोन्ही. एकाच मांडवात. मला दोन्हीकडून बोलावणं."

तेव्हाच नदीच्या पलीकडच्या वाटेवर त्यांना टोपी दिसली. भिवाजी तिथं उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. तो छोटा पूल ओलांडून, जरा घाईनंच, त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"बरं चाललंय," तो म्हणाला. "आट दिस झालं. दोगांतल्या एकानं येऊन इचारलं न्हाई, भिवा जिता हाय का मेला. आन हितं खिदळतायत."

"तुम्हीच म्हणालात, घरी येऊ नका," नरहरी म्हणाले.

"म्हनलो. रागात मानूस काय बी म्हनतो. पर तुमी दोगं…" तो थांबला. गोरखकडे बघितलं, मग नरहरींकडे. "पैलवाना, तू तरी मला फोन करायचा व्हतास."

त्या आवाजातलं काहीतरी नरहरींनी लगेच ओळखलं. दोन महिने ते स्वतः त्याच जळफळाटाबरोबर उठत आणि झोपत होते. त्यांना लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण त्याच्याआधी, अगदी क्षणभर, बरं वाटलं.

"भिवाजीराव, माझं चुकलं," ते म्हणाले. "मागचंही, आणि दिवाळीचंही."

भिवाजीनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "सरका," तो म्हणाला. दोघं दोन बाजूंना सरकले आणि तो मध्ये बसला, घट्ट, दोन्ही कोपरं त्यांना लावून.

"कशाला हसत व्हता?" भिवाजीनं विचारलं.

"मास्तरांनी एक गोष्ट सांगितली पोस्टातली. दोन भागवतांची."

"मला कदी सांगितली न्हाई."

"तू कदी इचारलं न्हाईस," गोरख म्हणाला.

"आता इचारतो. पयल्यापासनं सांगा, मास्तर. काय गाळू नगा."

नरहरींनी पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्यांदा सांगताना ती तितकी रंगली नाही. धाकटीच्या साडीपाशी गोरख मात्र पुन्हा तसाच मोठ्यानं हसला, आणि भिवाजी हसला तो जरा उशिरानं, दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत.